एका माणसाची होडी

दसरा झाला की पाम गावच्या रस्त्याला कापलेल्या भाताचा वास सुटतो. त्यात बोईसरच्या कारखान्यांचा वास असतोच, आणि वारा किनाऱ्यावरच्या मुरबे गावाकडून असेल तर वाळत घातलेल्या बोंबलांचाही. हे तिन्ही वास एकत्र कुणाला आवडत असतील असं मला वाटत नाही. गेल्या वर्षीपासून मात्र ते आले की माझे खांदे आपोआप ताठ होतात आणि मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन भिंतीला टांगलेल्या एका पिवळ्या वस्तूकडे बघून येते. परवा गेले तर तिच्या पोटात पावसाळाभराची कोळिष्टकं, क्रिकेटचा एक चेंडू आणि कुणीतरी ठेवलेला भिंतीच्या रंगाचा अर्धा डबा निघाला. वॉचमन म्हणाला, सब को लगा मैडम ने छोड़ दिया. मी म्हटलं, छोड़ा नहीं, पाईप लाओ.

ती कयाक आहे. लांबट, अरुंद, प्लास्टिकची होडी. एका माणसाने बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने हाकायची. गेल्या वर्षी याच दिवसांत मी ती समुद्रात मासे पकडण्यासाठी घेतली. इथपर्यंत सगळं स्पष्ट आहे. नेमकी का घेतली, हे विचारलं तर मी अजून गोंधळते. माझ्यासारखीला हे शोभत नाही, कारण वस्तू घेणं हाच माझा पोटाचा धंदा आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी चोवीस वर्षं खरेदी विभागात आहे. पंपाचे सुटे भाग, व्हॉल्व्ह, गॅस्केट, ड्रम. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मागणीपत्रात एक रकाना असतो, ‘कशासाठी हवी’. तो कोरा असेल तर मी कागद परत पाठवते. भल्याभल्या इंजिनिअरांचे पाठवले आहेत. गेल्या ऑक्टोबरात मीच मागणारी होते, आणि तो रकाना मला भरता येईना.

माशांचं वेड लागण्याचं काही कारण नव्हतं. आम्ही दोघंही मूळचे माण तालुक्यातले. तिकडे पाणी टँकरने येतं, आणि मासा बाजारातून फार तर सुकट होऊन. नोकरीसाठी इथे आलो तेव्हा मला बांगडा आणि बोय यांतला फरक कळत नव्हता. सहा वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी कंटाळा आला म्हणून मुरब्याच्या खाडीवर फिरायला गेले. तिथे जेटीवर एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. त्यांना लघवीला जायचं होतं, म्हणून त्यांनी दांडी माझ्या हातात दिली. ते परत येईपर्यंत एक शिंगाळा लागला. बाकी काही नाही, एवढंच. पुढच्या आठवड्यात मी स्वतःची दांडी घेतली. आता मला गाठी येतात, आमिषं कळतात, शिंगाळ्याचा काटा न लागू देता तोंडातून गळ काढता येतो. आमचे हे, म्हणजे अशोक, मासे खात नाहीत. त्यांना काटे काढायचा कंटाळा. मी पकडते, मीच खाते, जास्त झाले तर खालच्या मजल्यावर देते.

जेटीवरून टाकलेला गळ जिथे पडतो, त्याच्या चार हात पुढेच मासा उडतो. सहा वर्षं मी हे बघते आहे. दांडी बदलली, वजन बदललं, टाकण्याची पद्धत बदलली, तरी मासा चार हात पुढेच. हे मागणीपत्रात लिहिता आलं असतं. पण चार हातांसाठी कुणी होडी घेत नाही, हे मलाही कळतं.

तरी मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. तीन दुकानदारांना फोन केले, तिघांकडून माहिती मागवली आणि तक्ता मांडला. लांबी, रुंदी, वजन, किती भार पेलते, दांडी अडकवायला जागा किती. तक्ता पूर्ण झाला की निर्णय आपोआप होतो असा माझा अनुभव आहे. इथे रकाने वाढत गेले आणि निर्णय लांब जात राहिला. एक म्हणाला, आत बसायची घ्या, वेगाने जाते. दुसरा म्हणाला, आत बसायची उलटली की पाणी भरतं, वर बसायची घ्या. तिसऱ्याकडे हवा भरायची होती. शिंगाळ्यासारखा काटेरी मासा पकडणाऱ्या माणसाने हवेच्या होडीत बसू नये, एवढं मला न सांगता कळलं, म्हणून तो बाद झाला. पायाने पॅडल मारायची, हाताने वल्हवायची. लांब असेल तर सरळ जाते पण वळत नाही, रुंद असेल तर डुलत नाही पण पुढेही जात नाही. वर बसायच्या कयाकेला तळाशी आरपार भोकं असतात, त्यातून वर आलेलं पाणी निघून जातं. होडीला भोकं मुद्दाम पाडलेली असतात आणि त्यामुळेच ती बुडत नाही, हे पचवायला मला दोन दिवस लागले.

आणि मग ज्या दुकानदाराचं मला पटत चाललं होतं, त्याने फोनवर साधाच प्रश्न विचारला. मॅडम, एक सीटची की दोन सीटची?

हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

अशोक पाण्याला भितात. यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्याकडच्या विहिरींना वर्षातले आठ महिने तळ दिसायचा, पोहायला कोण शिकणार. पाहुण्यांना घेऊन केळव्याला गेलो की सगळे पाण्यात जातात आणि हे कोरड्या वाळूवर सगळ्यांच्या चपलांजवळ उभे राहतात. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यांच्या घोट्याच्या वर समुद्र आलेला मी पाहिलेला नव्हता. कयाकेचं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. अडवणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांनी भाकरी संपवली, ताट बाजूला केलं आणि म्हणाले, "दोन सीटची घे. मी येतो."

मी म्हटलं, तुम्ही?

"वजनाला तरी होईन."

आणि हात धुवायला उठले. मी आतल्या आत त्या वाक्याला चारी बाजूंनी बघत राहिले. काळजी होती? पाळत होती? की एवढी वर्षं जिथे जाऊ तिथे दोघं जातो, तर इथेही जायचं, एवढी सवयीची गोष्ट? मी विचारायला हवं होतं. विक्रेत्याने गोलमोल उत्तर दिलं तर मी त्याला तीनदा फोन करते. नवऱ्याला मात्र एकदाही विचारलं नाही.

सुमनताईंना विचारलं. सुमनताई मुरब्याच्या. बोईसरच्या बाजारात मासे विकायला बसतात. आधी मी त्यांचं गिऱ्हाईक होते, मग जेटीवर दिसू लागले तेव्हापासून त्या मला धंदा बुडवणारी म्हणतात. वयाने माझ्याएवढ्याच, पण मला ‘बाय’ म्हणून हाक मारतात आणि माझ्या प्रत्येक माशाला नावं ठेवतात. त्यांना मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी पापलेट कापता कापता मान वाकडी करून पाहिलं आणि विचारलं, यात बाकीची मानसं कुठं बसतात. मी म्हटलं, बाकीची नसतात, एकाच माणसाची असते.

त्यांचा कोयता थांबला. "एका मानसाची होरी? आमच्यात एकटा कोन जात नाय, बाय. दोघं तरी पायजेत. एक गेला तं दुसरा सांगाया येते. तुझं सांगाया कोन येल?"

शेजारच्या बाई हसल्या. सुमनताई हसल्या नाहीत. पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगू लागल्या.

म्हणजे मतं दोन झाली आणि दोन्ही दोन सीटच्या बाजूने. दोन सीटवाली स्थिरही जास्त, सामानही जास्त मावतं. तक्त्यात ती सरळ वर होती. खरेदीचं कुठलंही प्रकरण असतं तर मी त्याच दिवशी ऑर्डर दिली असती. मी दिली नाही. मला एक सीटची हवी होती. घरात भांडण नव्हतं, कुणाचा जाच नव्हता, कुणापासून पळायचं नव्हतं. अशोकांसारखा माणूस शोधून मिळायचा नाही असं माझी आईसुद्धा म्हणते, आणि ती सहसा कुणाबद्दल बरं बोलत नाही. तरीही त्या होडीत मला माझ्या मागे कुणीही नको होतं. हे त्यांना कसं सांगायचं? ‘मला एकटीला जायचंय’ या वाक्याचा ऐकणारा जो अर्थ घेईल तो माझ्या मनात नव्हता. माझ्या मनात कुठला होता, तेही धड माहीत नव्हतं. आणि ते न सांगता दोन सीटची घेतली, तर दर सुट्टीला एक माणूस माझ्या मागे बसून जीव मुठीत धरणार, केवळ मला एकटं सोडायचं नाही म्हणून. दोन्हीकडून मीच वाईट ठरत होते.

त्या वर्षी भातकापणीच्या सुट्टीत कारखान्यातली निम्मी कंत्राटी माणसं गावाला गेली होती. आमच्या साफसफाईला येणारी मंगला विक्रमगडच्या बाजूची. चार दिवस कापणीला गेली ती दहा दिवसांनी आली. उशीर का झाला विचारलं तर म्हणाली, कापून झालं, मग नुसती बसली व्हती शेतावर. कशाला बसली होतीस? बसली व्हती अशीच. तिची हजेरी माझ्याकडे असते, पण मी तिचे दिवस कापले नाहीत. एरवी कापले असते. का कापले नाहीत हेही मी कुठे लिहून ठेवलेलं नाही.

शेवटी ठाण्याकडच्या दुकानात दोघं गेलो. दुकानदार उत्साही होता. त्याने दोन्ही प्रकार खाली फरशीवर मांडले आणि बसून बघायला सांगितलं. आधी दोन सीटवाली. मी पुढे बसले, सलवार सावरत, पाय लांब करून. अशोक मागे बसले. दुकानदार समोर उभा राहून वल्हं कसं फिरवायचं ते दाखवत होता आणि मी त्याचं बघून फिरवत होते. काचेबाहेरून एक जोडपं आमच्याकडे बघत उभं राहिलं. पन्नाशीतली दोन माणसं टाइल्सवर होडीत बसलेली, बघण्यासारखंच होतं. मला हसू आलं म्हणून मी मागे वळले. अशोकांनी दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरल्या होत्या. बोटं पांढरी पडली होती. फरशीवर.

मी उतरले आणि दुकानदाराला म्हटलं, एक सीटची द्या.

ती गाडीच्या टपावर बांधताना दोऱ्या अशोकांनीच ओढल्या, गाठी दोनदा तपासल्या. घोडबंदरपासून हायवेला लागलो, वसई गेली, विरार गेलं, मनोरही गेलं, हे आपले गप्प. मी मनातल्या मनात उत्तरं तयार करत होते, पण प्रश्नच येत नव्हता. चिल्हार फाट्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी कप हातात घेऊन टपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पिवळा घेतलास ते बरं केलंस. लांबून दिसेल."

आजही मला ठरवता येत नाही की त्या वाक्यात राग होता की नव्हता.

माझी खरी चूक पुढेच आहे. कयाक किती जड चालेल हे ठरवण्यासाठी मी मुरब्याच्या किनाऱ्यावर, जेटीपासून बाजूला, गाडी उभी करायची जागा ते पाणी हे अंतर पावलांनी मोजून आले होते. ऐंशी पावलं. ऐंशी पावलांना चौतीस किलो दोन माणसांत काहीच नाही, म्हणून मी जड आणि रुंद मॉडेल घेतलं होतं. पुढच्या सुट्टीला त्याच वेळी, सकाळी अकराला, आम्ही कयाक घेऊन पोचलो. समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण दूर, एक चकचकीत रेघ. मधे सगळा काळा चिखल, त्यावर खेकड्यांची लगबग आणि बगळे.

सहा वर्षं भरती-ओहोटी बघणाऱ्या बाईने असं कसं केलं, असं कुणीही विचारेल. मी जेटीवर बसून बघत होते. जेटीवरून समुद्र वर-खाली होतो. कधी चार पायऱ्या दिसतात, कधी अकरा. सपाट किनाऱ्यावर त्याच सात पायऱ्यांचा अर्धा किलोमीटर होतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. विहिरीचं पाणी चढतं आणि उतरतं, हे आम्हा माणच्या माणसांना जन्मापासून कळतं. पाणी उठून निघून जातं हे आम्हाला शिकावं लागतं.

तरी आम्ही ओढली. पन्नास पावलांवर अशोकांची चप्पल चिखलाने गिळली ती गेलीच. सत्तर पावलांवर दोघंही कयाकेवर टेकून उभे राहिलो. सुमनताई वाळवणीवरचे बोंबील उलटे करत होत्या, तिथून सगळं बघत होत्या. शेवटी पदर खोचून आल्या. समुद्राला विचारून आली व्हतीस का, असं मला विचारलं. मग अशोकांकडे वळून त्यांना गणित शिकवलं, मला नाही. पुनवेला आणि अवसेला दुपारी बारा-एकच्या सुमाराला पाणी भरतं, मग दर दिवशी पाऊण तास पुढं. तिथी बघायची आणि मोजायचं. अशोक चिखलात एका पायात चप्पल घालून हे सगळं ऐकत होते आणि मान हलवत होते. परत ओढताना सुमनताईंनी मागून हात लावला, तळातली भोकं पाहिली आणि एकातून बोट आरपार घातलं. मग म्हणाल्या, दुकानदाराला परत कर.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीचे आकडे आले. तिथीखाली भरतीची वेळ, त्याखाली मी निघायची वेळ, त्याखाली परतायची वेळ. मी सांगितलं नव्हतं. मोबाईलवर हे सगळं तयार मिळतं, हेही त्यांना माहीत होतं. लाईफ जॅकेटची शिट्टी त्यांनी घरात वाजवून पाहिली. समुद्रात जाण्याबद्दल मात्र एक शब्द नाही, ना जा, ना जाऊ नको. त्या दिवसांत मला सारखं वाटायचं की आमच्यात काहीतरी ठरतं आहे आणि ते काय आहे ते मला सोडून दोघांनाही माहीत आहे, त्यांना आणि त्या कॅलेंडरला.

दिवाळीच्या अमावस्येला मी गेले. या वेळी पाणी ऐंशी पावलांवर होतं. एका टोकाला मी, एका टोकाला ते. पाण्याच्या कडेला त्यांनी टोक खाली ठेवलं आणि दोन पावलं मागे सरले. अडीचच्या आत, एवढंच म्हणाले.

लोक विचारतात, कसं वाटलं. काहीतरी मोठं वाटायला हवं होतं बहुतेक. पहिली दहा मिनिटं मी फक्त ओली झाले. वल्हं दोनदा उलटं धरलं. होडीचं तोंड हवं तिकडे सोडून सगळीकडे जात होतं. मग लाटा मोडायच्या थांबल्या आणि नुसत्या खालून जाऊ लागल्या, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारख्या, आणि आवाज गेला. उजवीकडे लांब तारापूरच्या अणुप्रकल्पाचं उंच धुरांडं, डावीकडे सातपाटीच्या होड्या, मधे मी. गळ टाकला. मनात काहीतरी येईल म्हणून वाट पाहिली, काही आलं नाही. घरातलं नाही, ऑफिसातलं नाही. कुणी काही विचारत नव्हतं आणि मला कुणाला काही कळवायचं नव्हतं. याच्यासाठी आले होते का? असेल. नसेलही. एक ढोमा लागला, वीतभर. सोडून दिला. दुसरा लागला, तो ठेवला. माशांना आता चार हात पुढे जाण्याचं कारण उरलं नव्हतं, ते खालीच होते, आणि त्या नादात मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

पाहिलं तेव्हा तीन वाजून गेले होते.

किनाऱ्याकडे वळले. पाणी उतरत होतं. किनारा मागे गेला होता, गाडी काड्यापेटीएवढी झाली होती, आणि गाडीजवळ, जिथे अशोकांना सोडलं होतं तिथे, कुणी नव्हतं. सुमनताईंचा प्रश्न मला तेव्हा नीट कळला. सांगायला जाणारा एक माणूस असतो, आणि तो आता जागेवर नव्हता. मी जोरात वल्हवू लागले. अलीकडे, पाण्याच्या कडेला, कुणीतरी उभं होतं. कालवं काढणारी एखादी बाई असेल असं वाटलं. चिखलात इतक्या पुढे त्याच येतात.

आणखी जवळ गेले. अशोक होते.

किती वेळ चालत होते कोण जाणे. त्यांच्या मागे चिखलात पावलांची एक लांब ओळ होती, थोडं चालून थांबलेली, परत चालून थांबलेली. पाणी मागे सरेल तसे हे पुढे आले होते. मी पाहत असतानाच ते आणखी चार पावलं पुढे आले, थेट पाण्यात, आणि गुडघ्यापर्यंत समुद्र आल्यावर थांबले. मी वल्हं उंच करून हलवलं. त्यांनी हात केला नाही. दोन्ही हातांनी पँट वर धरली होती.

मी पोचले, उतरले, पायाला तळ लागला. दोघंही दमलेलो. उशीर झाल्याबद्दल काही ऐकावं लागेल असं धरून मीच आधी विचारलं, इथपर्यंत कशाला आलात?

त्यांनी कयाकेचं टोक धरलं. त्यासाठी पँट सोडावी लागली, ती भिजली.

"तू जितक्या लांब गेली होतीस," ते म्हणाले, "त्याहून जास्त अंतर आपल्यात पडू देत नव्हतो."